बायको फोन करेल

आमच्या बेल्डन गावात हृदयाचा डॉक्टर एकच, आणि त्याच्या दवाखान्याच्या खिडकीत बसते माझ्या नवऱ्याची पहिली बायको. एवढं सांगितलं की गावातली माणसं हसतात आणि पुढचं ऐकतच नाहीत. त्यांना वाटतं, कळलं सगळं. काही कळलेलं नसतं.

मी ट्रूडी. चोवीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवायला वाढलं. नवरा वेंडेल ह्रुस्का, नदीकाठचा पोलाद कारखाना बंद पडेपर्यंत भट्टीवर होता, मग शाळेची बस चालवायला लागला. बसपाशीच आमचं जमलं. बावीस वर्षं झाली लग्नाला. माणूस गरीब गाय. भांडायला गेलं तर समोरून काही येतच नाही, आपलाच घसा सुकतो.

आणि ती मार्लीन. तिने वेंडेलला सोडलं, वेंडेलने तिला नाही. हे नीट ध्यानात ठेवा, माझ्या सगळ्या जळफळाटाचं मूळ तिथे आहे. त्याने सोडली असती तर मी तिच्याकडे बघून हसले असते, नमस्कार-चमत्कार केले असते. पण तिला कंटाळा आला, तिने बॅग भरली आणि ही गेली. म्हणजे तिने नको म्हणून बाहेर ठेवलेली वस्तू मी उचलून घरी आणली. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण गावाला तोंडं कमी आहेत का? वर बाईसाहेबांनी आडनाव सोडलं नाही. नवरा टाकला, आडनाव ठेवलं. दवाखान्याच्या खिडकीवर पितळी पाटी आहे, मार्लीन ह्रुस्का. औषधांच्या दुकानात मी नाव सांगितलं की ते पोरगं विचारतं, "कुठल्या मिसेस ह्रुस्का?" दुसऱ्या, बाबा, दुसऱ्या.

डिसेंबरात चर्चच्या बायका अक्रोडाचे रोल विकतात. वेंडेल दरवर्षी दोन आणतो. पन्नास बायका लाटत असतात, पण कडा दुमडण्याची तिची तऱ्हा वेगळी, ती मला लांबून ओळखू येते. बावीस वर्षांत मी त्यातला तुकडा तोंडात घातलेला नाही. तो मात्र कॉफीबरोबर डोळे मिटून खातो. मिटतो म्हणजे काय, मिटतोच.

जानेवारीत त्याला तळघरातून दोन बादल्या वर आणताना दम लागला. मग बसच्या पायऱ्या चढताना. मी मागे लागले तेव्हा कुठे आमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे गेला. त्याने ईसीजीची पट्टी काढली, तोंड लांब केलं आणि म्हणाला, "हृदयाच्या डॉक्टरला दाखवा. महिन्याच्या आत. आणि आधी तुमचा विमा कुणाकडे चालतो ते बघून घ्या."

घरातले फोन, कागदपत्रं, विमा हे सगळं माझ्याकडे. विमा कंपनीने पाठवलेली जाडजूड यादी होती. त्या यादीतल्या डॉक्टरकडे गेलात तर कंपनी तुमची, बाहेर गेलात तर तुम्ही तुमचे. मी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले.

पहिलंच नाव डॉक्टर खूरी. बेल्डन, मेन स्ट्रीट. आमच्या घरापासून गाडीने चार मिनिटं. पुढे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की हा विमा चालतो.

मला ती खिडकी दिसली. वेंडेल खिडकीशी वाकलाय, ही त्याला विचारतेय, रात्री झोप लागते का, जेवण कसं आहे, वजन किती. म्हणजे मी काय खायला घालते त्याचा हिशेब ती मांडणार. त्याचं हृदय कुठे अडतंय ते तिच्या फायलीत जाणार. आणि तो गरीब गायीसारखा सगळी उत्तरं देणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेन्सिलीने मी त्या नावावर अशी रेघ ओढली की कागद फाटला.

मग सुरू झाली फोनाफोनी. यादीतले दुसरे डॉक्टर तीन वर्षांपूर्वी वारले होते. फोन उचलणारी बाई म्हणाली, "यादीतून त्यांचं नाव काढा म्हणून आम्ही कितीदा कळवलंय, मॅडम." तिसरे निघाले लहान मुलांच्या हृदयाचे. चौथ्यांकडे विमा चालत होता, पण नदीपलीकडच्या दवाखान्यात, आणि तो दवाखाना आता बूट विकतो. पाचव्या ठिकाणी मी तासभर तेच एक संगीत ऐकलं आणि फोन कट झाला. सहावे कोलंबसला. अडीच तासांचा रस्ता. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "दहा एप्रिल चालेल?" म्हणजे नऊ आठवडे.

चालेल म्हणाले.

संध्याकाळी वेंडेल आला. टोपी खुंटीला अडकवून खुर्चीत बसला, जरा जास्तच वेळ श्वास घेत. "झालं का काही?"

"कोलंबसला मिळाली वेळ. दहा एप्रिल."

"आणि खूरी?"

"तिथे आपला विमा चालत नाही."

मी चुलीकडे तोंड करून म्हणाले. कोबी परतत होते, तो परतायची गरज नव्हती. मग तो म्हणाला, "बरं. एप्रिल काही लांब नाही."

संपलं. एवढं सोपं होतं खोटं बोलणं. त्या रात्री मी छान झोपले, हे लिहायला लाज वाटते, पण झोपले.

त्यानंतर नाही झोपले. दर आठवड्याला तो एकेक पायरी कमी होत गेला. आधी तळघर सुटलं, मग पोस्टाच्या पेटीपर्यंत जाणं. बस दुसऱ्याला दिली. टीव्हीसमोर बसल्याबसल्या छातीवर तळहात ठेवायचा, मी पाहिलं की काढून घ्यायचा. मी रोज सकाळी ठरवायची की आज सांगून टाकू, आज खूरींकडे फोन लावू. फोनपाशी जायची. नंबर पाठ झाला होता. मग तिचा आवाज कानात यायचा, "डॉक्टर खूरींचा दवाखाना, मार्लीन बोलतेय," आणि हात आपोआप खाली. मी कोलंबसला रोज फोन करायची, कुणी वेळ रद्द केली का म्हणून. तिथली मुलगी माझ्या आवाजाला कंटाळली.

हे दुखणं काय असतं ते ज्याला झालं नाही त्याला सांगून उपयोग नाही. माणूस डोळ्यासमोर झिजतोय आणि आपण मनात म्हणतोय, झिजू दे, पण माझ्याजवळ. असं शब्दांत नाही म्हणत कुणी. पण मी तेच करत होते.

मार्चात ईस्टरआधीचे उपासाचे शुक्रवार चालू झालेले. आमच्याकडे त्या शुक्रवारी घरी कोण शिजवतं? अख्खं गाव सेंट सिरिल चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये मासे खायला. तळलेला मासा, कोबी घातलेल्या शेवया, बटाट्याच्या पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या. वेंडेल म्हणाला, "जाऊ या. घरात बसून कंटाळा आला." मी म्हटलं, पायऱ्या आहेत. म्हणाला, "पायऱ्या उतरायच्याच आहेत." चढायचं नंतर बघू, असा त्याचा हिशेब.

आणि जिथे तिथे खिडकी दिसली की मार्लीन बसलीच. हॉलमध्ये जेवणाच्या चिठ्ठ्या फाडायला हीच. पासष्टीची बाई, केस असे सरळ बसवलेले की वारा विचारून जाईल. मी रांगेत वेंडेलच्या पुढे उभी राहिले, म्हणजे बोलायचं ते माझ्याशी बोलेल.

"दोन मासे, एक पिरोगी," मी म्हणाले.

तिने चिठ्ठी फाडली नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिली. वेंडेल खांबाला टेकला होता, ओठ पांढरे पडलेले.

"वेंडेल, काय अवस्था करून घेतलीस?" ती म्हणाली. "आमच्याकडे का येत नाहीस तू?"

मागे रांगेत शेजारची पॉलिन काकू, तिच्यामागे अर्धं गाव. वेंडेल हळूच म्हणाला, "तुमच्याकडे आमचा विमा चालत नाही म्हणे."

आता बघा. एकोणीस वर्षं ही बाई खिडकीत बसून विमा तपासते. कुणाचा चालतो, कुणाचा नाही, कुठली कंपनी कुठल्या महिन्यात नाटकं करते, तिला बायबलसारखं पाठ. तिने माझ्याकडे बघितलं. मोजून दोन क्षण. तेवढ्यात तिला सगळं कळलं हे मला कळलं. म्हटलं, ट्रूडी, आता तू मेलीस. बावीस वर्षं हिला हेच हवं होतं, आणि तू ते ताटात वाढून दिलंस, कोबीसकट.

"हो," मार्लीन म्हणाली. "नाही चालत." आणि चिठ्ठी फाडून माझ्या हातात दिली.

मासा मला गिळवेना. वेंडेलने निम्मा टाकला. परत वर येताना तेरा पायऱ्यांवर तो चार वेळा थांबला, आणि प्रत्येक वेळी भिंतीवरचं काहीतरी वाचल्यासारखं करत होता. भिंतीवर काही नव्हतं.

शनिवारी सकाळी घरचा फोन वाजला.

"ट्रूडी, मी मार्लीन."

"ऐकतेय."

"सोमवारी सकाळी आठ चाळीसची जागा आहे. घेऊन ये त्याला."

"आमचा विमा..."

"त्याला सांग, या महिन्यापासून आम्ही घ्यायला लागलो. विमा कंपन्यांचं काय, आज एक, उद्या एक. कुणीही विश्वास ठेवेल." मग जरा थांबून म्हणाली, "आणि सोमवारी मी नसते. रजा टाकलीय. खिडकीत केल्सी असेल."

तिने मला वाचवलं, जागा दिली, वर स्वतः बाजूला झाली. अशा वेळी माणसाने आभार मानावेत. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. खरं सांगायचं तर तिच्या त्या शहाणपणाचाच मला जास्त राग आला. थोडी तरी वाईट वाग ना, मेली. म्हणजे मला धरायला काहीतरी राहील.

वेंडेलला सांगितलं. "खूरींकडे आता आपला विमा घ्यायला लागलेत म्हणे."

"हो का," तो म्हणाला. "बरं झालं." माझ्याकडे न बघता.

सोमवारी खिडकीत खरंच केल्सी होती, विशीतली पोरगी, नखांवर पानंफुलं काढलेली. वेंडेलला लगेच आत नेलं. मी कार्ड काढून खिडकीतून पुढे केलं.

"कार्ड नको," ती म्हणाली. "ह्रुस्का, वेंडेल. तुमचा विमा तपासलेला आहे की."

"शनिवारी तपासला असेल."

"नाही. सहा फेब्रुवारीला." ती पडद्यावर बघून वाचायला लागली, निरागसपणे, हवामान वाचावं तसं. "रुग्णाचा स्वतः फोन. विमा चालतो. वेळ अजून देऊ नये. बायको फोन करेल."

मी खिडकीच्या कट्ट्याला हात लावला.

"आणि मग नऊ तारखेपासून दर सोमवारी आठ चाळीसची जागा तुमच्या नावाने धरून ठेवलेली दिसते," केल्सी म्हणाली. "धरलीय आणि ऐन वेळी सोडलीय. पाच वेळा. मार्लीनचं असं कधी होत नाही. तुम्ही फोन केला नव्हता का?"

"नाही," मी म्हणाले. "मी केला नव्हता."

मी खुर्चीत जाऊन बसले. सहा फेब्रुवारी म्हणजे तोच दिवस. मी यादी घेऊन टेबलाशी बसले होते, तेव्हा तो बसच्या डेपोतून इथे फोन करून मोकळा झाला होता. विमा चालतो हे त्याला घरी यायच्या आधीच ठाऊक होतं. मी चुलीकडे तोंड करून खोटं बोलले, तेव्हा तो ते खोटं आहे हे जाणून "बरं" म्हणाला. चर्चच्या हॉलमध्ये "चालत नाही म्हणे" म्हणाला, तेही जाणून. आणि ती "हो, नाही चालत" म्हणाली. सहा आठवडे मी माझं खोटं त्याच्यापासून लपवत होते, आणि ते दोघं माझंच खोटं माझ्यापासून सांभाळत होते.

आणि तुम्हाला वाटेल मला लाज वाटली. वाटली. पण आधी काय वाटलं सांगू? दोघांचं गुपित. माझ्या नवऱ्याचं आणि तिचं, मला सोडून, सहा आठवडे. वाटलं, आता मलाच आत घ्या.

तेवढ्यात डॉक्टर खूरी स्वतः बाहेर आले. हातात ईसीजीची पट्टी, चेहऱ्यावर हसू नाही. गाडी बोलावलीय म्हणाले, नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात नेतोय, आत्ताच. दुपारी दोनपर्यंत वेंडेलच्या हृदयाच्या नळीत दोन स्टेंट बसले होते. मुख्य नळी नव्वद टक्के बंद होती.

"एप्रिलमध्ये कोलंबसला जाणार होतो आम्ही," मी त्यांना म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. कुणीतरी मला ओरडावं असं वाटत होतं.

"एप्रिलपर्यंत गाडी चालवायला तुम्ही एकट्याच उरला असता," ते म्हणाले. ओरडले नाहीत. नुसतं सांगितलं.

वेंडेल खाटेवर होता, मनगटाला पट्टी, गालावर रंग परत आलेला. महिनाभरात मी तो रंग पाहिला नव्हता. आला तेव्हा कळलं की गेला होता. मी खुर्ची ओढून बसले.

"तू सहा तारखेला फोन केला होतास," मी म्हणाले.

तो छताकडे बघत राहिला. "केल्सीने सांगितलं?"

"वाचून दाखवलं. बोलला का नाहीस?"

"तू म्हणालीस चालत नाही."

"अरे, मेला असतास तू."

"तिच्याकडे गेलो असतो तर घरी रोज थोडा थोडा मेलो असतो," तो म्हणाला आणि हसायला गेला, पण दुखलं असावं. मग हसणं सोडून म्हणाला, "बावीस वर्षं तुझी ती धास्ती बघतोय, ट्रूडी. काही केल्या जात नाही. मी काय बोललो तरी तुला वाटतं, समजूत घालतोय. म्हटलं, या वेळी तू स्वतः फोन करशील. तू केलास की मी जाणार. आज करेल, उद्या करेल."

"आणि नसता केला तर?"

"वाटलं नव्हतं एवढं बंद असेल."

मला रडू यायला हवं होतं. पण माझा स्वभाव मी सुरुवातीलाच सांगितला. इतकी वर्षं जो प्रश्न घशात अडकला होता तो त्या खाटेशी बाहेर पडला. "तिने तुला सोडलं नसतं तर तू तिच्याकडेच राहिला असतास ना?"

कुठल्याही नवऱ्याने नाही म्हटलं असतं. ताज्या स्टेंटवर तर शंभरदा नाही.

"हो," वेंडेल म्हणाला. "राहिलो असतो. मी आपणहून कुठूनच जात नाही, ट्रूडी. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा गेलो. बसची किल्ली मागितली तेव्हा दिली. मला तेवढंच जमतं, राहणं. तुझ्याकडेही राहतोय."

इतक्या वर्षांत तो एका दमात एवढं कधी बोलला नव्हता. दमला, आणि झोपला. मी त्याचा हात धरून बसले, ज्या मनगटाला पट्टी नव्हती तो. मग रडू आलं, आणि पुरतं आलं.

बुधवारी त्याला घरी सोडलं. कागदावर लिहिलं होतं की दोन आठवड्यांनी डॉक्टर खूरींना दाखवणे. वेंडेल खुर्चीत बसून ते वाचत होता. वाचून झालं तरी कागद खाली ठेवेना, आणि माझ्याकडेही बघेना.

"दे इकडे," मी म्हणाले.

नंबर पाठ होताच. दोन वेळा वाजला.

"डॉक्टर खूरींचा दवाखाना, मार्लीन बोलतेय."

"मी ट्रूडी ह्रुस्का," मी म्हणाले. "वेंडेलची बायको."

"बोल."

"आमचा विमा चालतो का तुमच्याकडे?"

"चालतो," ती म्हणाली. "कधीपासूनच."

"मग वेळ दे. दोन आठवड्यांनी."

"सोमवारची देते. सोमवारी केल्सी बसू शकते, मी सांगते तिला."

"तू असशील तेव्हाची दे."

मग कळफलकाची टकटक. "गुरुवार. सव्वादहा."

"चालेल. आणि त्याचं वजन केल्सीने करायचं."

"मी कुणाचं वजन करतच नाही, ट्रूडी. मी नुसती खिडकीत बसते."

"तरी लिहून ठेव."

"लिहिते," मार्लीन म्हणाली, आणि टकटक ऐकू आली.